वाणातला कम्प्युटर

रक्तदाब म्हणजे काय ते मला दोन हजार दोन सालापर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी संक्रांत झाली आणि फेब्रुवारीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून विचारलं, "मनोरमाबाई, घरी काही टेन्शन आहे का?" घरी कसलं टेन्शन? आमचे हे, म्हणजे दिनानाथ, सकाळी डबा घेऊन मुंबईला जाणार आणि रात्री बातम्या बघताबघता झोपणार. माझं टेन्शन तुळिंजला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर होतं, महिला मंडळाच्या हॉलमध्ये. मी त्या मंडळाची सेक्रेटरी.

सुरुवात बरी झाली होती. ह्यांच्या ऑफिसात नवे कम्प्युटर आले आणि जुने भंगारात जायचे होते. मी ह्यांच्या मागे लागले. हे त्यांच्या साहेबांच्या मागे लागले. साहेबांनी चार कम्प्युटर मंडळाला दिले, आणि वर सांगितलं, बायकांना नीट शिकवलंत तर आणखी देऊ, मी स्वतः बघायला येईन. टेम्पोतून ते चार डबे उतरले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी टेम्पोवाल्याला चहा पाजला.

मला ते हवे होते ते मुख्यतः विनितासाठी. आमच्या बिल्डिंगच्या मागे जुन्या गावातली बैठी घरं आहेत, त्यातल्या एका घरातली ही सून. नवरा जितेंद्र सरकारी ऑफिसात क्लार्क होता, काविळीने गेला, पस्तिशीसुद्धा झाली नव्हती. मागे ही, तिची शाळेत जाणारी जागृती, आणि सासू-सासरे. सासरे पांडुरंग आयुष्यभर मिठागरावर राबले, आता गुडघे धरून ओटीवर बसलेले. ऑफिसने विनितासाठी अनुकंपेवर जागा ठेवली होती, पण तिथल्या साहेबांनी साफ सांगितलं होतं: सगळं काम आता कम्प्युटरवर आहे, एप्रिलअखेर येऊन टाइप करून दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. बाजारातल्या क्लासची फी तिला परवडणारी नव्हती. मंडळाचा क्लास फुकट होता. इतका सरळ हिशेब. पण सरळ गोष्ट सरळ होऊ दिली तर ते आमचं मंडळ कसलं?

आधी कम्प्युटरची पूजा झाली. त्याला माझी ना नव्हती, नव्या वस्तूला हळदकुंकू वाहतात. पण नारळ कुठे फोडावा? थेट डब्याच्या शेजारी. पाणी आत गेलं आणि चारातला एक त्याच दिवशी बसला. शिकवायला विरारहून अश्लेषा यायची, कम्प्युटरचा डिप्लोमा केलेली चुणचुणीत मुलगी. तिने आत डोकावून बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "काकू, ह्याच्यात खोबरं आहे." मी कपाळाला हात लावला.

मग क्लासला कोणी यायचं ते ठरवायला मीटिंग झाली. आमच्या अध्यक्ष मथुराताई. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. मंडळ त्यांनी शून्यातून उभं केलं, हॉल मिळवायला त्यांनी चपला झिजवल्या. फक्त एकदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं की बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दरवर्षी आपण संक्रांतीला वाण म्हणून काय देतो? चाळण्या. प्लास्टिकचे डबे. साबणाच्या वड्या. यंदा आपण बायकांना विद्या देऊ. कम्प्युटर क्लासची जागाच वाण म्हणून द्यायची."

टाळ्या पडल्या. मी विचारलं, "आणि विनिताचं काय?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात, विधवा बाईला कोण बोलावतं? हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच ते मोठ्याने बोलायचं नव्हतं.

"तिला पुढच्या बॅचला घेऊ," मथुराताई म्हणाल्या.

"पुढची बॅच जूनला. तिची जागा एप्रिलमध्ये जाईल."

"मग वेगळी सोय करू काहीतरी. मनोरमा, चांगल्या कामात खोडा घालू नकोस."

खोडा म्हणे. कम्प्युटर आणले मी, टेम्पोचं भाडं दिलं आमच्या ह्यांनी, आणि खोडाही मीच घालणार.

संक्रांत झाली. बारा बायकांच्या ओटीत तिळगूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एकेक लाल कार्ड पडलं. कार्डावर सोनेरी अक्षरांत 'संगणक प्रशिक्षण प्रवेशिका' आणि खाली त्या बाईचं नाव. स्थानिक साप्ताहिकवाला येऊन फोटो काढून गेला. त्या बारांत विनिताची सासू शकूबाईसुद्धा होती. नवरा जिवंत, म्हणजे ती सवाष्ण. जूचंद्र तिचं माहेर, शिक्षण दुसरी की तिसरी, आणि तिला कम्प्युटरचं वाण. मी तिच्या कपाळाला कुंकू लावताना माझे दात आवळलेले होते.

फेब्रुवारीत क्लास सुरू झाला, दुपारी दोन ते चार. पहिल्या दिवशी चौघी आल्या, त्याही बघायला. माऊस हातात घेऊन हसल्या, पडद्यावर रंगीत मासे पोहत होते ते बघितले आणि भाजी आणायची म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी एक आली. मग कोणीच नाही. अश्लेषा विरारहून रोज यायची, तीन कम्प्युटर चालू करायची, दोन तास बसायची, बंद करायची आणि परत जायची.

मी दारोदार फिरले. एकीने सांगितलं, "अहो, दुपारी सिरियल असते." दुसरी म्हणाली, "आमच्या ह्यांनी विचारलं, शिकून कलेक्टर होणार का?" तिसरीने कार्ड देवघरात ठेवलं होतं, अन्नपूर्णेच्या शेजारी, वर फूल वाहिलेलं. चौथीने शोकेसमध्ये, मुलाच्या ट्रॉफीला टेकवून. मी हात जोडून म्हटलं, "बाई, तुम्हाला जमत नाही ना? काही हरकत नाही. तुमची जागा विनिताला द्या."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिचं मंगळसूत्र मागितलं. "वाण आहे ते, मनोरमाताई. ओटीत आलेलं वाण कोणी दुसऱ्याला देतं का? आणि तेही तिला?"

आता सांगा, डोकं फिरेल की नाही? ह्याच बायका. मी एका वर्षी स्टीलची वाटी लुटली होती, तळाशी आमचं नाव घातलेली. तीन वर्षांनी तीच वाटी दुसरीकडच्या हळदीकुंकवात माझ्या ओटीत परत आली, नावासकट. तेव्हा कोणाला पाप लागलं नव्हतं. वाटी गावभर फिरली तर चालते, चाळणी फिरली तर चालते, फक्त ज्याने एका घराची चूल पेटेल ते तेवढं देवघरात फुलं वाहून ठेवायचं.

मी मथुराताईंकडे गेले. "ताई, खुर्च्या रिकाम्या आहेत. विनिताला बसू द्या."

"रिकाम्या कुठे? बारा नावं आहेत."

"नावं आहेत, बायका नाहीत."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "मनोरमा, मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण वाणाची जागा मी विधवेला दिली असं झालं ना, तर पुढच्या वर्षी निम्म्या बायका फिरकणार नाहीत. मंडळ त्यांच्या वर्गणीवर चालतं. हॉलचं भाडं तू भरणार का?" मी उठले. उठले याचा अर्थ पटलं असा नाही. मी भाडं भरू शकत नव्हते, एवढंच.

शेवटी मी ठरवलं की गेलं सगळं खड्ड्यात. हॉलची एक चावी माझ्याकडे असायची. अश्लेषाशी बोलले, ती लगेच तयार झाली. विनिताला गाठलं. ती नळावर हंडा भरत होती. म्हटलं, "सकाळी लवकर ये. सहा वाजता. बिल्डिंग उठायच्या आत अश्लेषा तुला शिकवेल. कोणाला कळायचं कारण नाही."

तिने हंडा खाली ठेवला. "नको काकू."

"नको काय?"

"चोरासारखी नाही येणार मी."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे. जागृतीचा विचार कर."

"तिचाच करते. उद्या कोणी बघितलं तर सगळी गल्ली म्हणेल, विनिता चोरून आत शिरली. ते जागृतीच्या कानावर जाईल." आवाज चढला नाही तिचा. "मला बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर नाही येणार."

मला इतका राग आला. मंडळाचा आला, तिचाही आला. इथे जागा हातची चालली आहे आणि ही मानपान घेऊन बसली आहे. मी तिला तोंडावर तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "मानपान नाही काकू," आणि हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली. मार्च उजाडला होता आणि तिची बोटं अजून एकाही बटणाला लागली नव्हती.

उरली शकूबाई. तिच्या घरी मी मुद्दाम दुपारी गेले. ती अंगणात जवळा निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच विषय काढला. "शकूबाई, तुमचं लाल कार्ड विनिताला द्या. तुमचीच सून आहे. दुसऱ्या बायकांना सांगून मी थकले."

तिने मान वर केली नाही. "नाय देनार."

"का?"

"माझं वान हाय ते."

माझा तोल गेला. "तुम्हाला काय करायचाय कम्प्युटर? उद्या ऑफिसात तुम्ही जाणार आहात का? मुलगा गेला तुमचा, त्याची जागा घरात राहावी म्हणून मी वणवण फिरते आहे आणि तुम्ही सासूपणा दाखवताय?" एवढं बोलायला नको होतं, पण बोलले.

शकूबाईने जवळ्यातला कचरा बाजूला काढला. "मी येनार हाय किलासला," ती म्हणाली. "उद्या येतंय."

आणि खरंच आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन वाजायच्या आत. चपला बाहेर काढून आत आली, भिंतीकडची खुर्ची धरली आणि बसली. अश्लेषाला कोण आनंद, महिन्याभरात टिकलेली पहिली विद्यार्थिनी. तिने माऊस हातात दिला तर शकूबाईने तो उचलून पडद्यावर फिरवला. मी दारातून बघत होते आणि मनातल्या मनात जळत होते. दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. शिकत काही नव्हती. बसायची, खोली न्याहाळायची, मंडळाच्या कामाला येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघायची. मधूनच अश्लेषाला विचारायची, "पोरी, हिते कोन कोन येतंय? ती अध्यक्ष बाय रोज येतंय का?" त्या आठवड्यात ती एक दिवस चुकली नाही. मी ह्यांना म्हटलं, "मी राजीनामा देते." हे म्हणाले, "दे," आणि बातम्या लावल्या.

तेवढ्यात ह्यांच्या साहेबांचा निरोप आला, शनिवारी येतो, क्लास बघायचा आहे.

मथुराताईंची धावपळ बघण्यासारखी होती. बाराच्या बारा बायकांना स्वतः जाऊन सांगून आल्या: एक दिवस या, फक्त बसा, आणखी कम्प्युटर मिळणार आहेत. आणि आल्या सगळ्या. सिल्कच्या साड्या, गजरे, हातात ती लाल कार्डं. ज्या क्लासला महिनाभर शकूबाई सोडून चिटपाखरू फिरकलं नव्हतं, तिथे बसायला खुर्च्या कमी पडल्या. दाराशी टेबलावर हळदीकुंकवाचं तबक, गुलाबपाणी, पेढे. साहेब आले, सोबत आमचे हे आणि ऑफिसातल्या दोघी बायका. मथुराताईंनी माहिती सांगायला सुरुवात केली. "आमच्या मंडळाचं ब्रीदच आहे की एकही भगिनी मागे राहता कामा नये." मी भिंतीला पाठ लावून उभी होते. पाठ टेकलेली होती ते बरं.

एक शकूबाई तेवढी अजून आली नव्हती. ती आली ती विनिताचा हात धरून.

विनिता उंबऱ्याशी थांबली. साधी आकाशी साडी, कपाळ मोकळं. तिला आत यायचं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मथुराताई बोलायच्या थांबल्या, मग पटकन हसून म्हणाल्या, "शकूबाई, तुम्ही या ना आत. बसा तुमच्या जागेवर."

"बसतंय," शकूबाई म्हणाली. तिने कनवटीची पिशवी सोडली, लाल कार्ड काढलं. मग टेबलावरचं तबक ओढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत विनिताच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. विनिता हलली नाही. शकूबाईने तिचा पदर पुढे ओढला आणि ते कार्ड त्यात टाकलं.

"शकूबाई," मथुराताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता, "अहो, वाण असं..."

"वान माझं हाय. मला जिला द्यायचं तिला मी देनार." ती मागे वळली. "मी आठवडाभर हिते बसून बघितलं. कोन काय बोलतंय, कोन तोंड फिरवतंय. माझी सून हिते आली तर तिला कोनी उठवील का, ते बघाया आलती मी. बिनबघता तिला कशी आनू? घरात लय सोसलंय तिनं."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर ती अंगणात जवळा निवडणारी बाई होती आणि माझे कान तापले होते.

"आनि येक सांगतंय," शकूबाई म्हणाली. "जितू गेला तवा तुमी समद्यांनी मिळून हिचं कुंकू पुसलं. माझं कोनी पुसलं नाय. मला संक्रांतीला बोलावलं, माझी वटी भरली. पोरगा माझ्या पोटचा व्हता ना? मी त्याची आय असून मी चांगली, आनि ही वाईट? हिनं काय केलंय?"

एका बाईने पदर डोळ्यांना लावला. मला भडभडून आलं, ते मी लपवलं नाही. मथुराताई तबकाकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतः पुढे होऊन भिंतीकडची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस गं विनिता."

विनिता बसली. तिने सासूकडे एकदा बघितलं, मग अश्लेषाला विचारलं, "मॅडम, चालू कुठून करायचं?"

त्या दिवसापासून ती रोज दोनच्या आधी दारात उभी असायची, आणि अश्लेषा चारऐवजी सहापर्यंत थांबायची. मधे वीज जायची, मग दोघी कागदावर कीबोर्ड काढून त्याच्यावर बोटं चालवायच्या. साहेबांनी आणखी दोन कम्प्युटर पाठवले. ह्या वेळी नारळ मी बाहेर रस्त्यावर फोडायला लावला. बाकीच्या अकरा जणी? त्यांची कार्डं आहेत तिथेच आहेत, बघायची असतील तर या. मी आता कोणाला सांगायला जात नाही. जे घ्यायचं नाही ते घट्ट धरून बसायचं, ह्यात बायकांना काय सुख मिळतं ते मला या जन्मात कळायचं नाही.

पुढच्या जानेवारीत मथुराताई माझ्याकडे आल्या. हातात हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची पत्रं. खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, घोटभर प्यायल्या. खूप दिवस काहीतरी मनात घोळवून आलेली बाई कशी बसते, तशा बसल्या होत्या. "मनोरमा, मी ठरवलंय. यंदा विनिताला बोलवायचं. नुसतं नाही, मानाने. पहिलं वाण तिला. मी मीटिंगमध्ये सगळ्यांशी भांडले. दोघी-तिघी मंडळ सोडून गेल्या, जाऊ देत."

मला खरंच बरं वाटलं. वर्षभर उशीर झाला होता, पण बाईने मंडळ पणाला लावलं होतं, ते तिला सोपं नव्हतं. मी म्हटलं, "चला, आत्ताच देऊन येऊ."

आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. शकूबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती, पांडुरंग शेजारी उन्हात पाय पसरून बसले होते. मथुराताईंनी पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. "शकूबाई, मंगळवारी दुपारी तीनला हळदीकुंकू आहे. विनिताला नक्की पाठवा. पहिला मान तिचा आहे."

शकूबाईने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पत्र घेऊन नीट बघितलं.

"मंगळवारी नाय जमनार तिला," ती म्हणाली. "हापिस असतंय."